येते न म्हणता

रुपाने अंगठ्याने ‘बघ’ लिहिलं आणि पाठवलं. फोनच्या काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली.

‘तू डोंगरवेशीत उभी आहेस. तुझ्या खांद्यावर घोंगडी आहे.’

तिने ओळ पुन्हा वाचली. मांडीवरची रद्दी बाजूला सारली, बोटांना लागलेला पपईचा चीक फडक्याला पुसला आणि भिंतीला टेकून नीट बसली. ही घोंगडी तिची नव्हती. ती इथून गेली तेव्हा तिच्या हातात पेटता पलिता होता आणि तेलाचं भांडं. दुसरं काही नव्हतं.

डोंगरवेस हा एक खेळ होता. त्यात चित्र नव्हतं, आवाज नव्हता, उडणारी-मारणारी माणसं नव्हती. होती ती नुसती अक्षरं. डोंगरातली खिंड, खिंडीत वेस, वेशीच्या आत एक विहीर, लोहाराची भट्टी आणि चार खोपटी, सगळं मराठीत लिहिलेलं. आपण एक माणूस घ्यायचा आणि तो काय करतो ते लिहीत जायचं. लिहिलं की झालं. नंदुरबारला कॉलेजात असताना रुपा होस्टेलच्या खोलीत मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तो खेळायची. बाकीचे तलवारी नि घोडे घेऊन यायचे. रनाळ्याच्या या पोरीने मात्र दिवटी व्हायचं ठरवलं. दिवटी म्हणजे रोज संध्याकाळी वेशीवरचे पलिते पेटवणारी बाई. मैत्रीण म्हणायची, घरी दिवाबत्ती करायचा तुला कंटाळा आणि इथे फुकटात करतेस होय!

खेळातून बाहेर पडायचा एकच शब्द होता. बाईने ‘येते’ लिहायचं, पुरुषाने ‘येतो’. तो न लिहिता कोणी नुसताच निघून गेला, तर त्याचा माणूस होता तिथेच राहायचा; उभा असेल तर उभा, बसला असेल तर बसलेला. खेळ बनवणाऱ्याला घरात कोणीतरी चांगलं वळण लावलं असावं. ब्राह्मणपुरीचे पाहुणे बघायला येणार म्हणून वडलांचा फोन आला, तेव्हा रुपाने घाईघाईत लॅपटॉप मिटला होता. मग साखरपुडा झाला, हळद लागली, लग्न झालं, पपईच्या बागेत आणि नवऱ्याच्या घरात वर्षांमागून वर्षं गेली. दिवटी बिचारी वेशीत उभीच होती.

‘घोंगडी बघ,’ तिने लिहिलं.

‘काळी, जाड. थंडीत पखालवाल्याने तुझ्यावर घातली. पुढे कोणी काढली नाही.’

‘पलिते बघ.’

‘पेटलेले आहेत. तू पेटवत नाहीस तेव्हा लोहारीण पेटवते.’

रुपाला रडू आलं. ते घोंगडीसाठी नव्हतं, हे तिचं तिला कळत होतं. तिने तोंडावर हात दाबला, कारण ओट्यावर सासूबाई होत्या आणि त्यांचे कान फार तिखट. तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ आली.

‘लोहारीण हातोडा खाली ठेवते. म्हणते, अगं बाई, ही हलली!’

“रुपा व, कागद सरनात!” बाहेरून हाक आली.

तिने डोळे पुसले, रद्दीचा गठ्ठा उचलला आणि ओट्यावर गेली.

ओट्यावर सासूबाई, जमनाबाई, पपया कागदात गुंडाळत बसल्या होत्या. गाडी दुपारी यायची होती. रुपाचा नवरा नवनीत खाली मोटारसायकलला दोरी बांधत होता. बांधून झाल्यावर त्याने रुमाल डोक्याला गुंडाळला आणि किक मारली.

“येस व नानी,” तो आईला म्हणाला.

“ये,” जमनाबाई म्हणाल्या.

या घरातून ‘येस’, म्हणजे येतो, म्हटल्याशिवाय कोणी बाहेर पडत नसे. विसरलाच कोणी, तर जमनाबाई थेट रस्त्यापर्यंत हाक मारायच्या, “येस म्हन ना रे! मुका शे का?” एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी परत बोलावून येस म्हणायला लावलं होतं. गावात त्यावरून अजून हसतात.

वीज रात्रीची होती, दिवसा मोटर चालणार नव्हती. तरी नवनीत मोटर बघायला म्हणून शेतात गेला. महिनाभर त्याचं हेच चाललं होतं. रुपाला वाटायचं, याला घर नको झालंय, आणि घर म्हणजे मीच.

मुलगी सातव्या महिन्यातच झाली होती. नंदुरबारला दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत थोडे दिवस राहिली आणि गेली. पाचवी पुजायची राहिली, नाव ठेवायचं राहिलं. नवनीतने तिला नव्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं, चुलतभाऊ हेमराजने मोटारसायकल चालवली आणि दोघे गावाकडे निघून गेले. रुपा तेव्हा दवाखान्याच्या खाटेवरच होती. ती घरी आली तेव्हा घर झाडून-पुसून लख्ख होतं आणि ओटा रिकामा होता.

माणूस गेलं की इकडे दार बसवतात, म्हणजे लोक दाराला येतात. ओट्यावर सतरंजी टाकलेली असते. पुरुष बाहेर बसतात, बाया आत बसतात, कोणी गेलेल्याची आठवण काढतं, कोणी नुसतंच खाली बघत राहतं. चहापाण्याचा आग्रह नसतो. आणि दाराला आलेला माणूस निघताना ‘येतो’ म्हणत नाही, कारण अशा कामासाठी पुन्हा यायची वेळ कोणावर येऊ नये. तो गुपचूप उठतो, चप्पल शोधतो आणि चालू लागतो. रुपाचे सासरे गेले तेव्हा ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

मुलीसाठी कोणी आलं नाही. शेजारणी आल्या, पण त्या बाळंतिणीला बघायला आल्यासारख्या आल्या, डिंक-खोबऱ्याचं बोलल्या, पपईच्या भावाचं बोलल्या. रुपाने सासूला विचारलं होतं, दार का नाही बसवलं?

“दात नही उनात तिले,” जमनाबाई म्हणाल्या होत्या. “तिनं दार नही ऱ्हास. रडू नको. पुढलाले लागस.”

रडलं की पुढच्या लेकराला बाधतं, हे सांगताना त्या रुपाकडे बघत नव्हत्या, विळी धुवत होत्या. त्यांच्या पोटची दोन लेकरं अशीच गेली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांचंही दार कोणी बसवलं नव्हतं.

आणि नवनीतला रुपाने एकच गोष्ट विचारली होती. तो जेवून हात धूत होता.

“कोठे ठेवी तिले?”

“बस व आते,” तो म्हणाला आणि ओले हात तसेच घेऊन बाहेर गेला.

तिने पुन्हा विचारलं नाही. बायांनी तिकडे जायचं नसतं, लहान लेकराची जागा आईला सांगायची नसते, नाहीतर ती तिथेच जाऊन बसते, असं सगळे म्हणतात. खरं असेलही. पण रुपाला दिवसभर दुसरं काही सुचत नव्हतं. नदीकडे की शेताकडे? उन्हात की सावलीत? दळण घेऊन निघाली तरी प्रत्येक झाडाखाली तिची नजर जायची. आपली लेक या गावात कुठे आहे, हे गावातल्या दोन माणसांना ठाऊक होतं आणि ती त्यांत नव्हती.

दुपारी गाडी भरून गेल्यावर तिने पुन्हा फोन उघडला.

वेशीत गर्दी जमली होती. गर्दी म्हणजे तिघं. लोहारीण जुनीच होती. ती खरी म्हणजे धडगावच्या एका कचेरीतले कारकून, दलसिंग. डोंगरात रेंज गेली की त्यांची लोहारीण हातोडा वर उचललेल्या अवस्थेत गप्प व्हायची आणि तासाभराने घाव घालायची. त्यावर सगळे त्यांची फार टिंगल करायचे. पखालवाला म्हणजे साताऱ्याकडच्या एक शाळामास्तरीण. वाटाड्या कोण होता ते कोणालाच माहीत नव्हतं आणि तसं विचारायची तिथे पद्धतही नव्हती. तलवारी-घोडेवाले कधीच निघून गेले होते. हे तिघं राहिले होते, पाणी भरत, लोखंड ठोकत, नसलेल्या वाटसरूंना वाट दाखवत.

‘पखालवाला दिवटीच्या ओंजळीत पाणी ओततो. म्हणतो, उभं राहून राहून पाय मोडले असतील पोरी. कुठे होतीस?’

रुपाने लिहिलं, ‘संसारात.’ ते पुसलं. मग लिहिलं, ‘घरीच.’ तेही पुसलं. शेवटी जे लिहायचं होतं ते लिहिलं आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

‘माझी मुलगी गेली. लहान होती. दात यायच्या आधी. तिचं दार कोणी बसवलं नाही.’

पडदा तसाच राहिला. तिला वाटलं, चुकलंच. लोक इथे घटकाभर बरं वाटावं म्हणून येतात, आणि मी हे काय आणून टाकलं त्यांच्या पुढ्यात! ती फोन बंद करणार होती, इतक्यात वाटाड्याची ओळ आली.

‘वाटाड्या इकडेतिकडे बघतो. म्हणतो, दिवटीला घरच नाही इथे. दार कुठे बसवायचं? आधी घर बांधू.’

आणि त्यांनी घर बांधलं. पखालवाल्याने माती भिजवली. वाटाड्याने खिंडीतून दगड आणले, साग आणला. लोहारणीने दाराची कडी ठोकली. मध्येच रेंज गेल्यामुळे ती कडी बराच वेळ अर्धी राहिली आणि त्या दिवशी त्यावर कोणी टिंगल केली नाही. घराला एकच खोली होती, पण पुढे ओटा चांगला लांबरुंद होता. पखालवाल्याने तो सारवला.

‘दार उघड, दिवटी, आणि आत बस,’ वाटाड्याने लिहिलं.

रुपाने लिहिलं, ‘दिवटी दार उघडते. आत बसते.’

‘पखालवाला ओट्यावर बसतो.’

‘लोहारीण डोक्यावरून पदर घेते. उंबऱ्यापाशी बसते.’

‘वाटाड्या काठी भिंतीला लावून ठेवतो. बसतो.’

मग कोणी काही लिहिलं नाही. रुपा घरातल्या खोलीत फोन मांडीवर धरून बसून राहिली. बाहेर जमनाबाई कोंबड्या हाकत होत्या, पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला होता, आणि तिच्या मांडीवर तीन माणसं तिच्या लेकीच्या दाराला बसली होती. ती रडली. या वेळी तिने तोंडावर हात दाबला नाही.

बऱ्याच वेळाने तिला चूल आठवली. एरवी एक एक जण ‘येतो’, ‘येते’ लिहून निघायचा, वेशीत निरोपाच्या ओळी लागायच्या. आज एकही ओळ आली नव्हती. तिघेही केव्हाच कामाला लागले असणार; कचेरी, शाळा, जे असेल ते. तिने ‘बघ’ लिहिलं.

‘ओट्यावर पखालवाला बसला आहे. उंबऱ्यापाशी लोहारीण बसली आहे. भिंतीशी वाटाड्या बसला आहे.’

दाराला आलेला माणूस येतो म्हणत नाही. आणि येतो म्हटल्याशिवाय डोंगरवेशीतून कोणाला जाता येत नाही. तिने फोन छातीशी धरला आणि तिला पहिल्यांदा बरं वाटलं, म्हणजे दुःख झालं, पण जागच्या जागी झालं.

दुसऱ्या दिवशीही ते बसलेले होते. तिसऱ्या दिवशीही. लोहारणीची भट्टी विझली होती, विहिरीवर कोणी नव्हतं, वेशीतले पलिते तेवढे रुपा रोज पेटवून परत आत येऊन बसायची. तिघे अधूनमधून यायचे, एखादी ओळ लिहायचे आणि न सांगता निघून जायचे. पखालवाल्याने विचारलं, केस होते का? रुपाने लिहिलं, काळेभोर, कपाळावर आलेले. लोहारणीने विचारलं, डोळे उघडायची का? रुपाने लिहिलं, एकदा उघडले होते, माझ्याकडेच बघत होती. कोणी तिला पुढच्या लेकराचं सांगितलं नाही.

मग वाटाड्याने लिहिलं, ‘तिला ठेवलंय कुठे? वाटा माझ्याकडे असतात. नकाशात जागा दाखवली म्हणजे जाणारायेणारा जपून पाय टाकेल.’

रुपा त्या ओळीकडे बघत राहिली. तिने लिहिलं, ‘मला माहीत नाही.’ पाठवलं. मग फोन खाटेवर टाकून ती स्वयंपाकघरात गेली, कारण नवनीत आला होता आणि त्याला चहा हवा होता.

दूध उतू जाईपर्यंत ती नुसतीच उभी होती. सांडलेलं दूध पुसून, चहा गाळून बाहेर आली तेव्हा नवनीत खाटेच्या काठावर बसला होता आणि फोन त्याच्या हातात होता. त्याच्या अंगठ्याखाली ओळी वर सरकत होत्या. तो पार वेशीपर्यंत, घोंगडीपर्यंत जाऊन आला असावा. रुपाने चहा स्टुलावर ठेवला. त्याने तो घेतला नाही.

“ह्या कोन शेतस?” त्याने विचारलं.

“मन्हा गावना.”

“रनाळाना?”

“नही. दुसरं गाव शे.”

तो पुन्हा वाचू लागला. चहावर साय धरली.

“आजून बठेल शेतस?”

“हां.”

“काबर?”

“आपली आंडेरसाठे.”

आंडेर. लेक. हा शब्द या घरात महिनाभर कोणी उच्चारला नव्हता. नवनीतची मान खाली गेली. त्याने रुमालाने तोंड पुसलं, एकदा, आणि पुन्हा एकदा. रुपाला वाटलं, आता हा फोन ठेवील आणि ओले डोळे घेऊन बाहेर जाईल, मागे ओले हात घेऊन गेला तसा. त्याने फोन ठेवला नाही. व्यापाऱ्याला गाडीचा निरोप लिहायचा तसं, एका अंगठ्याने, थांबत थांबत तो लिहू लागला. बराच वेळ लिहीत होता. मग त्याने फोन तिच्यापुढे धरला.

“देख, बरोबर शे का.”

त्याने लिहिलं होतं : ‘आमच्या शेताच्या शेवटी पाट आहे. पाटाच्या कडेला निंब आहे. त्याच्या बुडाशी. सावली दिवसभर राहते. जनावराने उकरू नये म्हणून वर दगड ठेवले आहेत. मी रोज जातो. एकटी नसते.’

रुपाने ते वाचलं. शेवटचे दोन शब्द तिने पुन्हा वाचले. मोटर बंद असताना हा शेतात काय करत होता ते तिला कळलं, आणि महिनाभर ती त्याच्यावर जे रागावत आली होती ते सगळं तिच्या अंगावर आलं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्यातलं एकही अक्षर न बदलता ते पाठवून दिलं.

लगेच ओळ आली. ‘वाटाड्या नकाशात निंब काढतो.’

नवनीतने फोन तिच्या हातातून हलकेच घेतला आणि खाटेवर ठेवला.

“चप्पल घाल,” तो म्हणाला.

ती उठली. केस बांधले, पदर नीट केला. दोघे बाहेर आले. जमनाबाई पायरीवर सूप घेऊन तूर पाखडत होत्या. नवनीतने मोटारसायकलीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पायऱ्या उतरला, त्याच्यामागून रुपा उतरली, आणि दोघांतलं कोणीही काही म्हणालं नाही.

जमनाबाईंचं सूप थांबलं. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांना दिसलं की लेकाने डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला आहे, सुनेने पदर डोक्यावरून पुढे घेतला आहे, आणि ती दोघं दुकानाकडे नाही, शेताच्या वाटेला लागली आहेत. त्या वाटेकडे त्या बघत राहिल्या. या घरातून दोनदा त्याच वाटेने त्यांचा नवरा फडकं उराशी धरून गेला होता, आणि त्या दारात उभ्या होत्या.

त्यांनी हाक मारली नाही. सूप बाजूला ठेवलं. आत जाऊन सतरंजी आणली, ओट्यावर पसरली, तिचे कोपरे नीट केले. मग डोक्यावरून पदर ओढून त्या तिच्या एका कडेला बसल्या, येणाऱ्यांना जागा ठेवून.